पेटीत शिरणारी हवा

प्रिय सौ., दूरच्या नवऱ्याची खुशाली घे.

काचेची पेटी, तिची चौकट, आत हात घालून काम करायच्या हातमोज्यांच्या कड्या, नळ्यांचे सांधे, सगळं मी स्वतःच्या हातांनी केलं. साबणाचं पाणी लावून पाहिलं, एक बुडबुडा आला नाही. तब्येत ठणठणीत आहे, जेवण वेळेवर होतं.

या पेटीत ऑक्सिजनशिवाय जिवाणू वाढवायचे आहेत. ऑक्सिजन नसला की त्यांची ताकद बेताची असते. म्हणून नकोसं आम्ल बाहेर टाकतानाच जो जोर मिळतो, त्यावर ते आपल्या पातळ आवरणातून अन्न आत ओढतात. ही पेटी करून घेणाऱ्या प्रयोगशाळेच्या बाईंना हेच दाखवायचं आहे. पण पेटीत तपासणीसाठी ठेवलेलं, ऑक्सिजन लागला की गुलाबी होणारं पाणी रोज सकाळी गुलाबी! मी वेड्यासारखा सांधे आवळत बसलो.

काल कळलं, हवा सांध्यांतून येतच नव्हती. मी हौसेने निवडलेल्या सिलिकॉनच्या नळीच्या अंगातूनच ती झिरपते. पाणी अडतं, हवा अडत नाही. डोकं आपटावंसं वाटलं.

आता सगळ्या नळ्या नव्याने बसवायच्या. थोरलीच्या बाळंतपणाला पोचणं कठीण दिसतं. तिचे पाय अजून सुजतात का? तू म्हणशील, "तुमची एखादी वस्तू पूर्ण झाली, असं कधी ऐकलंच नाही." म्हण.

तुझाच,
हट्टी

ता. क. कालच बाई म्हणाल्या, "मास्तर, नळ्या आम्ही बदलू. पूर्ण पैसे घ्या आणि लेकीकडे जा." झिरपणारी पेटी माझ्या हातून जाणार नाही, म्हणालो. दीड लाख देत होत्या.