हिरवं म्हणजे वाचलं

सोमवार, ३ मार्च. सकाळी ९.४०
आजपासून शिस्त. रोज पाचला उठायचं. (आज नऊ. उद्यापासून पाच.) फोन बंद करून कपाटात टाकला. १९ तारखेला साहेबांना डेमो, तोवर ड्रायव्हर (गाडीचा नव्हे, कॉम्प्युटरमधला) तयार. दहा दिवसांचं काम आहे, सोळा हातात आहेत. चैनच म्हणायची.
बायकोला काम समजावून सांगितलं. प्रोग्रॅमला वाटतं समोर खरीखुरी डिस्क आहे, फायली त्यात जातायत. प्रत्यक्षात तिथे डिस्क नसतेच, माझा ड्रायव्हर असतो. प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर एकाच मेमरीवर लिहितात-वाचतात, दोघांत एक पाटी असावी तसं. आणि ही पाटी कुठल्याही मशीनवर चालली पाहिजे. पोर्टेबल!
ती म्हणाली, म्हणजे आहे असं नुसतं वाटतं, असत काहीच नाही. तुझ्यासारखंच की.
टेक्निकल विषय. सगळ्यांना झेपत नाही.

मंगळवार, ४ मार्च
डिझाइनची चौदा पानं झाली. कोड शून्य, पण पाया भक्कम हवा.
आईने चार वेळा दार वाजवलं. चहा हवाय का. जेवलास का. खिडकी उघडू का. चौथ्यांदा काय ते तीच विसरली. प्रत्येक वेळी माझी तंद्री मोडते आणि परत लागायला अर्धा तास जातो. म्हणजे आईने आज माझे दोन तास खाल्ले. हिशेब चुकत नाही.
आईचं हृदय जरा नाजूक आहे. डॉक्टरांनी सांगून ठेवलंय, पाय सुजले किंवा धाप लागली की थांबू नका, त्याच दिवशी घेऊन या. ते सगळं बायको बघते. देखरेख माझी.

बुधवार, ५ मार्च. दुपार
सुचलं! जे ड्रायव्हरला तेच घराला. फ्रिजवर पांढरी पाटी लावली आणि एक मॅग्नेट, एका बाजूने लाल, दुसऱ्या बाजूने हिरवा. नियम तीन. निरोप लिहिला की मॅग्नेट लाल. समोरच्याने वाचला की हिरवा. दार वाजवायचं नाही.
आईने विचारलं, नुसती हाक मारली तर? म्हटलं, हाक म्हणजेही व्यत्ययच.
आई म्हणाली, बरं बाबा.
बायको म्हणाली, मी ऑफिसातून येऊन पाटीशी बोलायचं का? म्हटलं, हो. ती हसली. म्हणजे पटलं.

शुक्रवार, ७ मार्च
घरात कमालीची शांतता. सिस्टिम यशस्वी.
फक्त आई नियम पाळत नाही. खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरात लिहिते आणि मॅग्नेट फिरवत नाही. मॅग्नेट फिरवला नाही तर निरोप धरायचा नाही, हे मी दोनदा सांगितलं. म्हणते, राहू दे रे, तुला सवड झाली की बघशील. अशाने सिस्टिम चालत नाही!
पोर्टेबल चाचणी घेतली. माझं मशीन उचलून दुसऱ्या खोलीत नेलं. तिथेही चाललं.

सोमवार, १० मार्च. ११.१५
ड्रायव्हर हळू. कारण सापडलं. फाइल खरोखर लिहून होईपर्यंत तो 'झालं' म्हणत नाही. भाबडा आहे. आता उलटं केलं, आधी 'झालं' म्हणायचं, मग सवडीने लिहायचं. आठपट वेग! साहेबांना कळवलं. साहेब खूश.
हीच युक्ती पाटीला लावली. पाणी प्यायला जाताना लाल दिसलं की तिथल्या तिथे हिरवं करायचं. निरोप संध्याकाळी सगळे एकदम वाचायचे. रोजची वीस मिनिटं वाचतात. बायकोही खूश, म्हणाली, सुधारलास की रे, लिहिल्या लिहिल्या वाचतोस.
संध्याकाळी वाचायचं राहिलं. उद्या.

शुक्रवार, १४ मार्च
टेस्टिंगवाली, जिला सगळे 'चष्मा' म्हणतात, तिचा रिपोर्ट आला. तिच्या मशीनवर १२ चे २१ होतात म्हणे. तिचं मशीन डावखुरं असेल, त्याला मी काय करू?
दुसरा मुद्दा. काम चालू असताना तिने मशीनचा प्लग ओढला आणि तीनशे फायली गायब. लिहिते, 'तुमचा ड्रायव्हर न करताच झालं म्हणतो. त्याच्या शब्दावर विसंबून पुढचा माणूस निघून जातो. हळू चालला तरी चालेल, पण खोटं बोलायला नको.'
उत्तर दिलं की खऱ्या आयुष्यात असा मध्येच प्लग कोण ओढतं? नाचता येईना, अंगण वाकडं.

मंगळवार, १८ मार्च
उद्या डेमो. डिझाइन एकसष्ट पानं. कोड जवळजवळ.
पाटीवरचे निरोप आठवडाभर राहिलेत. डेमो झाला की एकदम वाचणार. परवापासून आईबरोबर रोज संध्याकाळी अर्धा तास बसायचं, हेही ठरवलं. लिहून ठेवतो म्हणजे होईल.

बुधवार, १९ मार्च. दुपारी ४.१०
घरूनच स्क्रीनवर दिलेला डेमो ९५ टक्के यशस्वी! ड्रायव्हर सुरू झाला, वेग दिसला. साहेबांनी मात्र चष्माचं ऐकून मध्येच प्लग ओढायला लावला. फायली तेवढ्या दिसल्या नाहीत. साहेब म्हणाले, नंतर बोलू. नंतर बोलू म्हणजे रस आहे.
आजची शिस्त नोंदवण्यासारखी. सकाळी ८.४० ला मॅग्नेट लाल होता. बायको दारात चपला घालत होती. मी हिरवा केला, तिने पाहिलं, मान हलवली आणि निश्चिंतपणे ऑफिसला गेली. निरोप लांबलचक होता. दोन मिनिटं वाचली.
साडेबाराला पाण्याला गेलो तर आई बाहेरच्या खोलीत बाहेर जायचे कपडे घालून बसलेली, मांडीवर पिशवी. माझ्याकडे बघून हसली. मी घड्याळ दाखवलं, हाताने 'नंतर' अशी खूण केली. तिने मान डोलावली. एक शब्द बोलली नाही. इतक्या दिवसांनी नियम समजला तिला!
आता घरात कोणीच दिसत नाही. बरंच झालं, तासभर पडतो.

शुक्रवार, २१ मार्च
आई गेली. बुधवारीच.
कोपऱ्यावरच्या औषधवाल्याच्या पायरीवर बसली आणि उठलीच नाही. त्याने मला फोन केला. फोन कपाटात. मग बायकोला केला.
डॉक्टर म्हणाले, दुपारी बाराला आणायचं सांगितलं होतं ना? वेळेत आणलं असतं तर वाचल्या असत्या.
मी म्हटलं, दुपारी डेमो होता.

सोमवार, २४ मार्च
बायकोने एवढंच विचारलं. हिरवं तूच केलंस ना? हो म्हटलं. मग वाचलं होतंस ना?
हो म्हणावं तर वाचूनही आईला नेलं नाही. नाही म्हणावं तर मग हिरवं का केलं. कागद घेऊन दोन्हीचे फायदे-तोटे मांडले. एकाही बाजूला फायदा निघेना.
नाही म्हटलं.
तिने बॅग भरली. बहिणीकडे गेली. कधी येणार ते सांगितलं नाही.

रविवार, ३० मार्च
कंपनीने ड्रायव्हर चष्माकडे दिला. तिने पहिल्याच दिवशी माझी युक्ती काढून टाकली. आता हळू चालतो म्हणे, पण चालतो.
पाटी पुसायला घेतली. वर बायकोचं ठळक अक्षर. 'आईंचे पाय सुजलेत. डॉक्टरांनी बाराला बोलावलंय, मला आज सुटी नाही. तू ने. त्या तयार होऊन बसतील, दार वाजवणार नाहीत. हिरवं केलंस की मी निघते.'
खाली कोपऱ्यात आईचं. चष्मा न लावता लिहिलेलं, ओळ खाली घसरत गेलेली. 'तीन वाजले. तुझं काम चालू दिसतंय, चालू दे. मीच जाऊन येते. जेवण झाकून ठेवलंय. येते हं.'
घरातून निघताना आई कधी 'जाते' म्हणाली नाही. 'येते'च म्हणायची.
आईने मॅग्नेट फिरवलेला नाही. नियमाप्रमाणे ही नोंद धरायची नाही. नियम माझाच.
पाटी पुसली नाही. नोंद तेवढी वाचली.