दक्षिणेकडे फिरवलेला कॅम्पर

रॅनफर्ली
सोमवार, १४ जुलै, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे

चि. लिओस अनेक आशीर्वाद. नोलीनलाही. तुझा गुडघा बरा असेल.

वरची वेळ पत्राची नव्हे, माझा नळ बंद पडल्याची आहे. तोटी फिरवली, थेंब नाही. आणि ही तुझी करणी आहे. तुझ्याच अंगणातून, तीस पावलांवरून पत्र लिहितेय, कारण तोंडी बोललं की तू 'बघू' म्हणतोस.

जुलै म्हणजे आपला ऐन हिवाळा; मागच्या आठवड्यात उणे आठ होतं, तरी पाणी येत होतं. काल रात्री नुसतं उणे तीन, आणि नळी गोठली. थंडी एकटी आली तर उंबऱ्यापाशी थांबते. वाऱ्याला घेऊन आली की घरात शिरते. माझी नळी कॅम्परच्या, माझ्या या चाकांवरच्या खोलीच्या, तळाखाली उघडी आहे. तीन महिने ती बाजू तुझ्या घराच्या आडोशाला होती. काल मी चर्चला गेले असताना तू ट्रॅक्टर लावून कॅम्पर फिरवलास आणि ती बर्फाकडून येणाऱ्या दक्षिणवाऱ्याच्या तोंडी दिलीस.

वर म्हणालास, "ताई, आता खिडकीतून डोंगर दिसतील." डोंगर! अडुसष्ट वर्षं तेच डोंगर बघतेय मी. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणत, खोटं बोलणारा स्वतःच्या बुटांकडे बघतो. तू बघत होतास.

खरं कारण नोलीनने संध्याकाळी दोरीवरचे कपडे काढताना सांगितलं. "वन्सं, तुमची खिडकी नेमकी आमच्या जेवणाच्या टेबलासमोर. कुणी घास मोजतंय असं वाटतं हो."

मी घास मोजत नव्हते. तिचं मटण चिवट असतं हे मी तिला तोंडावर सांगितलंय. त्यासाठी खिडकी लागत नाही.

नळीचा जोडही फुटलाय. तो मात्र मी फोडला. किटलीतलं उकळतं पाणी ओतलं. मॉरिस संसाराची चाळीस वर्षं बजावत आला, "उर्सुला, कोमट फडकं गुंडाळ आणि धीर धर." तो गेला, धीरही गेला. फट्‌कन आवाज झाला आणि मी गोठलेल्या गवतावर तशीच बसून राहिले.

तुम्ही दोघं टेबलाशी बसलात की मी माझं ताट घेते. एवढंच आहे ते. समोर कुणी जेवत असलं तर घास उतरतो. काल खिडकीत डोंगर होते. सूप सिंकमध्ये ओतलं.

नळी तू बदलशीलच, त्याबद्दल लिहू नकोस. कॅम्पर परत फिरवणार की नाही, ते बुधवारी संध्याकाळी पाचच्या आत लेखी कळव. दाराखालून सरकव. तुम्ही सहाला जेवायला बसता.

तुझी थोरली बहीण,
उर्सुला