विहीणबाईंच्या बोटातली झारी

बान्युमुलेक, सोमवार

ताई,

तुला आणि भाऊजींना सलाम. तुझा गुडघा आता कसा आहे? सुम्बावाच्या दमट हवेत कुरकुरतच असेल, शेक घेत जा. इथे सगळे ठणठणीत, आणि माझ्या लेकीचं, आपल्या रेहानूनचं, लग्न ठरलं! (उभी असशील तर खाली बस. पुढचं बसूनच वाच.)

काल मुलाची आई, इनाक सकीनाह, बोलणी करायला आल्या. करायला कसल्या, मोडायलाच! शहरात कापडाचं दुकान, हज करून आलेल्या, आणि आपण दिवसभर मातीत हात घालणाऱ्या कुंभारणी. अंगणातल्या माचावर चटई दोनदा झटकून बसल्या. मी पाण्याने भरलेली आपली चोरझारी पुढे ठेवली. त्या झाकण उचलायला गेल्या, ते हलेना. झाकण नुसतं दिखाव्याचं, पाणी बुडाच्या भोकातून भरतात आणि सरळ ठेवली तरी थेंब सांडत नाही, हे मी सांगणार तोच बाईंनी झारी उचलून बूड चाचपलं. बोट आत गेलं. बाहेर येईना.

साबण झाला, खोबरेल झालं. रेहानूनचे वडील दगड घेऊन धावत आले.

"अहो, लग्नाची बोलणी चाललीत आणि भांडं फोडताय?" मी ओरडले.

"नको, नको, फोडू नका!" विहीणबाईही ओरडल्या. (मोडायला आलेल्या बाईला अपशकुनाची धास्ती! मला तिथेच जरा आशा वाटली.)

तोवर पानं वाढलेली. उजव्या हाताला झारी, आणि डाव्या हाताने त्या जेवणार नाहीत. शेवटी मीच भरवायला बसले. दोन घास त्यांनी औषधासारखे डोळे मिटून गिळले. तिसरा नाळीच्या पालेभाजीचा. रेहानूनने घाबरून मिरच्या दुप्पट घातलेल्या. बाईंचे कान लाल झाले. "पाणी!" पाणी तर त्यांच्याच बोटाला लटकलेलं! मी त्यांचा हात उंच धरून तिरका केला आणि तोटीची धार तोंडात सोडली. निम्मी नाकात गेली. आणि मग बाई जे हसत सुटल्या! खोकल्या, हसल्या, हात झटकला, बोट सुटलं, झारी रेहानूनच्या वडिलांनी पोटावर झेलली.

"फुटली नाही ना?" विहीणबाईंनी बोटाकडे बघायच्या आधी विचारलं. मग म्हणाल्या, "भाजी कुणी केली?"

रेहानून हात पुसत पुढे आली.

"आमच्या घरी मिरच्या कमी घाल हं, पोरी."

ताई, 'आमच्या घरी' म्हणाल्या गं! मी चुलीपाशी जाऊन रडून घेतलं आणि धुरावर ढकललं. छातीवरचा धोंडाच उतरला बघ.

तुझी धाकटी,
इनाक रेहानून (रेहानूनची आई म्हणून आता दुप्पट ऐटीत!)

ता. क. : विहीणबाई शुक्रवारी परत येतायत. झारी करायला शिकायचीय म्हणे, आठवडाभर मुक्काम. मला एकटीला झेपणार नाही. गुरुवारच्या बोटीने ये.

आणखी एक : बोट अडकलं तेव्हा घाबरून मी बोलून गेले, की एवढं अरुंद भोक माझ्या हातचं नव्हे, आमच्या ताईच्या. आता त्या म्हणतात, शिकेन तर ताईंकडूनच. (झारी माझीच आहे. बघितल्याबरोबर ओळखशील. तोंड मिटून ये.)