ओली म्हणालो, सुकी पडली

सांगली, रविवार, १९४६

सुटलो! हुतुतूचा सामना आम्ही सातारकरांनी एका गड्याने जिंकला. पण आधी तो मी जवळजवळ घालवलाच होता. बाजू ठरवायला पंचांनी नेहमीप्रमाणे खापरी एका अंगाने थुंकून ओली केली आणि वर उडवली. "ओली," मी म्हणालो. पडली सुकी. कर्णधार झाल्यापासून मी एकदाही हा कौल जिंकलेला नाही. सांगलीकरांनी उन्हाला पाठ होईल ती बाजू घेतली, आम्ही सूर्यासमोर. लढाईवरून परतलेला आमचा गणपत सगळ्यांदेखत म्हणाला, "तुझ्या तोंडाला यशच न्हाई रं!" लागलं मनाला. खरंच असेल का तसं?

मध्यंतरानंतर बाजू बदलल्या. तोवर सूर्य इतका खाली आला होता, की ऊन थेट सांगलीकरांच्या डोळ्यांत. त्यांचा शेवटचा गडी चढाईला आला तो डोळे किलकिले करीतच. डावीकडून गणपत वाकला, ते त्याला दिसलंच नाही. गणपतने पाय धरला, संपलं!

परत येताना गणपतने माझ्या खांद्यावर हात टाकला. "गड्या, लय ब्येस हरलास. फुडच्या बारीला बी तूच हर."

म्हणजे माझं तोंड वाईट नाही तर! ती खापरी मी खिशात घालून आणली आहे. मघापासून सारखी हाताळतोय. रेशनचं रॉकेल संपत आलं, कंदील मालवावा. धाकधूक एकच. पुढच्या वेळी चुकून जिंकलो, तर गणपतला काय सांगू?