खिशातला प्रसाद

आव्वा, तू गेलीस तेव्हा माझी धाकटी मुलगी, तुझी नात, जन्मलीही नव्हती. आता ती अकरा वर्षांची आहे, सहावीत शिकते आणि श्रावणापासून नीट जेवत नाही. गुळाच्या अडतीतून दुपारी घरी येतो तेव्हा अंगात कामाचा शीण असतोच, पण ताटापुढं गप्प बसलेल्या पोरीकडं बघून येतो तो शीण वेगळा. तो झोपेनं जात नाही. कुणाशी बोलावं कळेना, म्हणून तुला लिहितोय.

सुरुवात जूनमध्ये झाली असावी. शाळेचा नवा फ्रॉक शिवायचा म्हणून तिला टेलरकडं नेलं होतं. दुकानात गिऱ्हाइकं होती. माप घेता घेता टेलर मोठ्यानं म्हणाला, "मालक, कापड जादा आणा की! पोरगी तुमच्यावर गेल्या, घेर वाढाय लागलाय." सगळे हसले. मीही हसलो. आपल्याकडं असल्या बोलण्याचं कोण वाईट मानून घेतं? टेप निघाली तरी ती हात वर धरून तशीच उभी होती. मग श्रावणात तिनं सोमवार धरला. पाठोपाठ शुक्रवार, शनिवार, गुरुवार. शेजारच्या काकू म्हणाल्या, "काय गुणाची पोर हो! न्हाईतर आमची. उपास म्हटलं की दुप्पट खात्या." तिनं साबुदाणाही नको म्हटलं, तेव्हा पोर कडक उपास करते म्हणून मला अभिमान वाटला. अंबाबाईपुढं हात जोडून मी त्याबद्दल आभारसुद्धा मानले. तोच फ्रॉक आता तिच्या अंगावर खुंटीला अडकवल्यासारखा लोंबतो. बायको म्हणायची, "अहो, पोरीच्या गळ्याची हाडं दिसाय लागल्यात." मी म्हणायचो, "देवाचं करत्या, देव बघंल."

गेल्या शुक्रवारी तिला घेऊन देवीला गेलो. पुजाऱ्यानं तिच्या हातावर पेढा ठेवला. तिनं तो डोळ्यांना लावला आणि मूठ मिटली. बाहेर आल्यावर माझी पाठ आहे असं समजून तिनं तो दारातल्या गाईपुढं धरला. आव्वा, उपास असला तरी प्रसाद कुणी नाकारत नाही. निदान कणभर तरी जिभेवर ठेवतं. मी तिथंच उभा राहिलो, आणि मला माझा खिसा आठवला.

मी पुन्हा दहा वर्षांचा आहे. कवायतीला पोरं मला 'ढोल' म्हणतात, घरी थोरले काका "आला बघा भोपळा" म्हणतात. मी मारुतीचा शनिवार धरलाय, मग आणखी दोन वार. देवळात मिळालेलं गूळ-खोबरं मी कपाळाला लावतो आणि खिशात टाकतो. तू ओढ्यावर धुणं धुतेस, माझ्या सदऱ्यातून मुंग्यांची रांग तुझ्या हातावर चढते. तू मला हाक मारतेस. "कुणाला फसवाय लागलाईस रं? भूक तुझी हाय. देवाला मधी घालू नगंस." एवढंच. मग घरी येऊन, थोरल्या दिरापुढं कधी तोंड न उघडणारी तू, डोक्यावरचा पदर सावरत दाराआडून म्हणतेस, "माझ्या पोराच्या अंगावर कुणी बोलायचं न्हाय." त्यानंतर काकांनी मला कधीच भोपळा म्हटलं नाही. जेवायच्या वेळी तू माझ्यापुढं दूध-भाकरी ठेवलीस आणि चुलीकडं तोंड केलंस. "मी बघत न्हाय. खा, न्हाईतर ऱ्हाऊ दे." तुझ्यासमोर धुरानं काळी पडलेली भिंत, हाताखाली पीठ. भाकरी थापल्याचा आवाज येत राहिला आणि त्या आवाजाआड मी जेवलो.

शनिवारी पोरीला डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी औषध दिलं, दर आठवड्याला दाखवायला सांगितलं, बळजबरी करू नका म्हणाले. बायकोला आणि शेजारच्या काकूंना मी तुझंच वाक्य सांगितलं, पोरीच्या अंगावर कुणी बोलायचं नाही. टेलरलाही सांगून आलो. आज सोमवार. दुपारी तिच्यापुढं भाकरी आणि दूध ठेवलं. मला भाकरी थापता येत नाही, म्हणून देव्हाऱ्याकडं तोंड करून वाती वळत बसलो.

"बाबा, आज उपास हाय माझा."

"देवाला मी सांगतो. मी बघत नाही. खा, नाहीतर राहू दे."

"खरंच बघणार न्हाईसा?"

"खरंच."

वाती वळून संपल्या, त्याच पुन्हा उलगडून वळल्या. मग वाटी जमिनीवर सरकल्याचा आवाज आला.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून तुला सांगता येतं. तुझ्यासमोर काळी भिंत होती. माझ्यासमोर देवाचं पितळी तबक होतं, भिंतीला टेकवलेलं. त्यात माझ्या मागं बसलेली पोर अंधूक दिसत होती. तिचा हात दोनदा तोंडाकडं गेला. ते तबक, आव्वा, मी सकाळी चिंच लावून मुद्दाम घासलं होतं.