फजिती आधी, फोटो नंतर

फेल्डहोवन,
मे २००६

प्रिय आई,

उद्या सकाळी आम्ही लिस्बनला निघतोय. बॅगा दारापाशी लावून ठेवल्यात, धपाटे डब्यात भरून झालेत, आप्पा तोंडावर पेपर घेऊन कोचावर झोपलेत. मला मात्र सकाळपासून सारखं वाटतंय, की काहीतरी विचारायचं राहिलंय. मग लक्षात आलं, की विचारणाऱ्या तुम्हीच नाही आहात. म्हणून हे पत्र.

हो, आप्पा! दचकू नका. तेच आप्पा, जे गेल्या वर्षी तुम्ही एकट्या विमानतळावर निघालात तेव्हा वसईच्या घराच्या फाटकाशी उभे राहून म्हणाले होते, की देवानं माणसाला पाय जमिनीवर टेकायला दिलेत. ते कसे तयार झाले ते सांगते, पण आधी तुमच्याबद्दल थोडं. तुम्हाला तोंडावर कौतुक केलेलं चालायचं नाही. आता अडवायला तुम्ही नाही, तेव्हा मी पोटभर करून घेणार आहे.

तुम्ही आमच्याकडे आलात तेव्हा निखिलनं तुमच्यासाठी सगळं ठरवून ठेवलं होतं. मुंबईच्या एका सहल कंपनीच्या बसमध्ये तुम्हाला वाटेत बसवून द्यायचं. आठ देश, रोज वरणभात, सोबतीला आपली माणसं. मुलगा म्हणून त्याचं काही चुकत नव्हतं. संगणकाच्या चिप बनवणाऱ्या मशीनवर काम करणाऱ्या माणसाच्या शनिवार-रविवारचाही भरवसा नसतो, तो तुम्हाला कुठे फिरवणार? तुम्ही ते रंगीत माहितीपत्रक शेवटपर्यंत वाचलंत, चष्मा काढलात आणि म्हणालात, "निखिल, जन्मभर मी मुलांना मोजून बसमध्ये चढवलं. आता मला कोणी मोजलेलं चालणार नाही."

मी स्वयंपाकघरात हसू दाबत उभी होते. तोवर मला तुमची जरा भीतीच वाटायची. त्या दिवसापासून वाटेनाशी झाली.

तुम्हाला बघायचं होतं एकच गाव. लिस्बन का, ते तुम्ही मला संध्याकाळी फिरायला गेलो असताना सांगितलंत. तुम्ही नेहमीसारख्या सायकलींच्या लाल पट्ट्यावरूनच चालत होतात आणि मागून घंटी वाजवणाऱ्या डच आजीबाईंना हातानं "जा, जा" करत होतात. वसईच्या शाळेत तुम्ही इतिहास शिकवायचात. दर वर्षी सातवीचा वर्ग किल्ल्यात न्यायचा, पडकी चर्च दाखवायची, चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून किल्ला कसा घेतला ते रंगवून सांगायचं, हा तुमचा शिरस्ता. एका वर्षी एका मुलीनं विचारलं, "बाई, एवढा समुद्र ओलांडून हे लोक इकडे यायला निघाले, तेव्हा त्यांच्या आया काठावर उभ्या होत्या का?" सगळा वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही तिला म्हणालात, "बघून सांगते."

ती मुलगी मोठी झाली, लग्न होऊन सासरी गेली, तुम्ही निवृत्त झालात, तरी तुमच्या डोक्यातून ते गेलं नाही. आई, वर्गात ‘बघून सांगते’ म्हणणारे शिक्षक मला पुष्कळ भेटले. खरोखर बघायला निघालेल्या तुम्ही एकट्याच.

मग तुमची तयारी सुरू झाली. मराठी लोकांच्या एका संकेतस्थळावर तुम्ही एका बोटानं टाइप करून प्रश्न टाकलात, की साठी उलटलेली बाई आणि तिची सून लिस्बनला जाणार आहेत, जाऊन आलेल्यांनी सांगावं. काय एकेक उत्तरं आली! एक म्हणे, लिस्बन म्हणजे नुसते चढ. दुसरी म्हणे, चढ कसले, आम्ही दिवसभर आरामात चाललो. कोणी लिहिलं शाकाहारी माणसानं जाऊच नये, कोणी लिहिलं की तिथल्या गोड पदार्थांवर अख्खा आठवडा काढता येतो. मी असते तर त्या दिवशीच बेत गुंडाळून ठेवला असता. तुम्ही प्रत्येकाला उलटा प्रश्न केलात. तुमचे गुडघे कसे आहेत? बरोबर कोण होतं? दुपारचा चहा लागतो का?

मला वाटलं, लोक चिडतील. लोक खूश झाले! इतक्या आपुलकीनं त्यांच्या गुडघ्यांची चौकशी कोणी केली नसावी. आणि मी विचारलं तेव्हा तुम्ही मला म्हणालात, "सल्ला खोटा नसतो गं, अनघा. फक्त तो दुसऱ्याच्या पायांचा असतो."

आमच्याकडचे रविवारही तुम्हीच सुरू केलेत. आइंडहोवन आणि फेल्डहोवनमधली आपली चार घरं चहाला बोलवायची आणि जो नुकता कुठून फिरून आला असेल त्याला मधे बसवायचं. सगळे येताना फोटोंची सीडी घेऊन यायचे. तुम्ही खुशाल समोरचा लॅपटॉप मिटायचात. "फजिती आधी, फोटो नंतर." फोटोत सगळेच हसतात, त्यातून पुढच्याला काय कळणार, असं तुमचं म्हणणं. शाळेत पोरांकडून खरं काढून घेतलेलं माणूस तुम्ही, इंजिनिअर काय टिकणार तुमच्यापुढे? तो पाटील आठवतो का? जर्मनीतल्या कुठल्याशा स्टेशनवर गाडीचे दोन भाग होऊन दोन वेगळ्या गावांना गेले आणि बायकोमुलगी एकीकडे, हा सगळ्या बॅगा घेऊन दुसरीकडे गेला. वर्षभर त्यानं कोणाला कळू दिलं नव्हतं. तुम्ही दुसरा कप चहा पुढे केलात आणि तो घडाघडा बोलला. त्याची बायको हसून हसून रडायला लागली. नंतर त्या उन्हाळ्यात निदान तीन घरांनी गाडीत चढण्याआधी डबा कुठे जाणार ते विचारून घेतलं.

आणि एवढं सगळं करून आपली स्वतःची फजिती कशी झाली ना!

मास्ट्रिख्टच्या कर्णिकांचा सल्ला तुम्हाला सगळ्यात पसंत पडला होता. गुडघे दुखरे, सहलीशिवाय फिरणारे, दुपारी चहा हवाच, म्हणजे अगदी तुमच्या मापाचे. त्यांनी लिहिलं, इथून लंडनला जा, तिथे विमान बदला, सोयीचं पडतं, मी तसाच गेलो होतो. आपण तशीच तिकिटं काढली. निघायच्या दिवशी काउंटरवरच्या मुलीनं आपले पासपोर्ट उलटसुलट पाहिले आणि विचारलं, लंडनचा व्हिसा कुठे आहे? माझं इथलं रेसिडेन्स परमिट तिकडे चालत नाही, तुमचा व्हिसाही नाही, आणि सामान घेऊन दुसऱ्या विमानात बसायचं तर बाहेर यावंच लागणार. कर्णिक इथे इतकी वर्षं राहिलेत, त्यांचा पासपोर्ट डच झालाय. त्यांना व्हिसा कशाला लागतोय? त्यांना सांगायचं सुचलं नाही आणि आपल्याला विचारायचं. जगाचे गुडघे विचारले आणि पासपोर्ट विचारायचा राहिला!

मला तिथेच रडू फुटलं. निखिलला काय सांगायचं, लोकांना काय सांगायचं, हेच डोक्यात. तुम्ही बाकावर बसलात आणि म्हणालात, की दशम्या तर बरोबर आहेतच, त्या घरी बसून कशाला खायच्या, मास्ट्रिख्टला व्हिसा लागतो का?

बसनं स्टेशनवर, तिथून गाडीनं तासाभरात मास्ट्रिख्ट. तुम्ही वाटेतूनच कर्णिकांना फोन लावायला सांगितलंत. कर्णिक स्टेशनवर छत्री घेऊन उभे होते, चेहरा असा उतरलेला, की मला माझं रडू विसरायला झालं. ते हात जोडून माफी मागायला लागले. तुम्ही त्यांना पुरतं बोलूही दिलं नाहीत. "चूक तुमची नाही. तुम्ही तुमचं खरं ते सांगितलंत. मीच अर्धं विचारलं."

मग नदीकाठच्या बाकावर बसून आपण तिघांनी दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी खाल्ली. तुम्ही त्यांच्याकडून लिस्बनचा तो काठ कसा आहे ते ऐकून घेतलंत. नदी तिथे एवढी रुंद होते, की समुद्रच वाटतो, असं ते सांगत होते आणि तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. पुढच्या रविवारी आपल्या घरी मधल्या खुर्चीवर तुम्ही स्वतः जाऊन बसलात आणि पहिल्या वाक्यापासून सगळी फजिती सांगितलीत, एक अक्षरही न लपवता. मला लाज वाटत होती. तुम्ही मात्र लोकांना हसवून बेजार केलंत. आई, मोठं माणूस कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं.

तुमचा मुक्काम संपला. पुढच्या वर्षी थेट विमानानं जाऊ, असं ठरवून तुम्ही वसईला परतलात. आणि जानेवारीत फोन आला.

आता मला तुमच्याशी थोडं भांडायचंय. आमच्या घरातला तो उभा डच जिना चढताना तुम्ही मधेच थांबायचात आणि भिंतीवरचा आमच्या लग्नाचा फोटो बघायचात. रोज बघायचात. मला वाटायचं, किती मायेनं बघतात! तुम्हाला धाप लागत होती ना? डॉक्टर म्हणाले, हृदयाचं दुखणं बरंच जुनं असावं. मग सांगितलं का नाहीत? हाउसआर्ट्स, आपला इथला घरचा डॉक्टर, सायकलनं पाच मिनिटांवर होता. परक्या माणसांना त्यांचे गुडघे विचारणाऱ्या तुम्ही, स्वतःच्या छातीबद्दल घरात अवाक्षर काढलं नाहीत. लिस्बनला जायचं रद्द होईल म्हणून? मला याचा राग येतो. अजूनही येतो. तो आला की मी जिन्यात त्याच फोटोसमोर थांबते आणि मग रडते.

तुम्ही गेल्यावर मी रविवार बंद केले. एप्रिलमध्ये निखिल वसईला जाऊन आप्पांना घेऊन आला. विमानात त्यांनी सगळा वेळ खुर्चीचा हात धरून ठेवला होता म्हणे. इथे आल्यावर ते दिवसभर खिडकीशी बसायचे. कोणी काही विचारलं तर "हं". मग त्यांना भेटायला म्हणून एका रविवारी आपली सगळी मंडळी आली, मास्ट्रिख्टहून कर्णिकही आले. मी चहाचे कप भरून सगळ्यांच्या हातात दिले. मुलं खालच्या आवाजात डचमध्ये काहीतरी खेळत होती. शेवटी पाटीलनं त्याच्या कुठल्याशा नव्या प्रवासाबद्दल बोलायला सुरुवात केली आणि सवयीनं म्हणून गेला, "फजिती आधी सांगतो."

आप्पांनी कप खाली ठेवला. उठले आणि मधल्या खुर्चीवर येऊन बसले.

"माझे गुडघे दुखतात," ते म्हणाले. "जिना चढताना धाप लागत नाही. चहा दोनदा लागतो. पासपोर्ट भारतीय आहे. आता सांगा, लिस्बनला कसं जायचं?"

कर्णिकांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "माझा पासपोर्ट डच आहे, हे आधी लक्षात घ्या आणि मग माझं ऐका."

मी स्वयंपाकघरात पळाले. आप्पा नंतर मला म्हणाले, की गेल्या वर्षी तुम्ही त्यांना रोज फोनवर सगळं सांगायचात आणि ते नुसतं "हं" म्हणायचे. तुम्हाला वाटायचं ना, ते ऐकत नाहीत? आई, त्यांना सगळं पाठ आहे. चढ कुठला, ट्राम कुठली, पाटीलची गाडी कुठे तुटली तेसुद्धा.

तेव्हा उद्या निघतो आहोत. ॲमस्टरडॅमहून थेट विमान, मधे लंडन नाही. निखिलनं सुट्टी काढली होती, ती पुन्हा रद्द झाली, म्हणून मी आणि आप्पा दोघंच. मला भीती वाटते आहे, पण तुमच्याबरोबर निघताना वाटली होती तेवढीच.

एक वचन देते. परत आल्यावर मधल्या खुर्चीवर बसून आधी फजिती सांगीन, काही न लपवता. फोटो नंतर, जिन्यातल्या भिंतीवर, तुमच्या थांबायच्या पायरीसमोर लावीन. आणि आप्पांना हाताला धरून त्या रुंद नदीच्या काठावर नेईन, तुमची तिथली जागा रिकामी ठेवून दोघं उभे राहू. त्या मुलीनं विचारलेल्या आयांचं काय, ते तिथे उभं राहिल्यावर कळेल.

बघून सांगते.

तुमची,
अनघा