संतोष गप्प बसला

मंगळवार, दिवेलागण

संतोषला बॉयलर चालवायला मीच शिकवलं. आमची कंपनी बंद पडली आणि आज बिरवाडीजवळच्या कारखान्यात दोघेही मुलाखतीला. आधी तो आत गेला. माझे कान तिखट, दाराबाहेर सगळं ऐकू आलं. पगाराचा आकडा सांगून तो गप्प बसला. "जास्त होतात," साहेब म्हणाले. तरी गप्प. नुसता पंखा वाजत होता. शेवटी साहेबच म्हणाले, "ठीक आहे, देऊ."

मीही तसंच करणार होतो. पण तो पंखा वाजायला लागला आणि तोंडातून निघालं, "तुम्ही द्याल ते, साहेब."

त्याच्या पगारावर नाही जळत मी. त्या गप्प बसण्यावर जळतो.

बाहेर त्याने चहा सांगितला. "तात्या, कमी नाय ना मागितलंत?"

"तुझ्याएवढाच मागितला."

"पण मी किती मागितला, ते कुठं सांगितलंय तुम्हाला?"

तेव्हा मात्र मला गप्प बसता आलं.